मोपा ते दिब्रुगढ: किती लांब आणि किती वेळ

प्रश्न गोव्यातल्या साखळीच्या एका ताईंचा आहे. मोपा आणि दाबोळी हे गोव्याचे दोन विमानतळ. त्यांचा मुलगा आसामात दुलियाजानला तेल कंपनीत नोकरीला लागलाय आणि डिसेंबरात दोघं नवराबायको पहिल्यांदाच त्याच्याकडे निघालीत. त्या विचारतात: "इंटरनेटवर मोपा ते दिब्रुगढ हवाई अंतर 2,540 किलोमीटर आणि वेळ साडेतीन-पावणेचार तास दाखवतात. तिकीट बघायला गेलं की मात्र आठ तासांपासून चौदा तासांपर्यंत काहीही दिसतं, थेट विमान एकही नाही. मग खरं काय? आणि दाबोळीवरून गेलो तर फरक पडेल का?"

ताई, दोन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला आकडा देणाऱ्या संगणकाला त्या मार्गावर विमान उडतं की नाही याच्याशी काही देणंघेणं नसतं. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीच्या गोलावरून त्यांच्यातलं सगळ्यात कमी अंतर काढायचं, एका ठरावीक वेगाने भागायचं आणि वर अर्धा तास टाकायचा, एवढंच त्याचं काम. उद्या तुम्ही त्याला केपे ते कोहिमा विचारलंत तरी तो तितक्याच ठामपणे तास-मिनिटं सांगेल. केप्यात विमान उतरायला धावपट्टी लागते हे त्याच्या गावीही नसतं.

मी पंचवीस वर्षं विमान कंपन्यांच्या डिस्पॅचमध्ये काढली. डिस्पॅच म्हणजे पार्सलं पाठवणं नव्हे. माझ्या आईला मात्र शेवटपर्यंत तसंच वाटायचं. विमान कुठल्या मार्गाने जाईल, किती उंचीवरून, इंधन किती भरायचं, ठरल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर कुठे वळायचं, हा सगळा आराखडा वैमानिकाच्या हातात देणारं ते टेबल. आता फोंड्याला घरी बसून अर्ध्या नातेवाइकांची तिकिटं काढून देतो. त्यामुळे कागदावरचं अंतर आणि माणसाला प्रत्यक्ष पोचायला लागणारा वेळ या दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत.

आधी अंतर बघू. मोपा साधारण 15.7 अंश उत्तर आणि 73.9 अंश पूर्व. दिब्रुगढचा मोहनबारी विमानतळ 27.5 उत्तर आणि 95 पूर्व. यांच्यामधली लघुतम रेषा 2,540 किलोमीटरच्या आसपास येते, आमच्या हिशेबात सुमारे 1,370 सागरी मैल. आकाशातलं अंतर आम्ही सागरी मैलातच मोजतो. 1 सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. दाबोळीहून तीच रेषा 2,565 किलोमीटर भरते. म्हणजे पंचवीस किलोमीटर जास्त, विमानाची दोन मिनिटं. या प्रवासात दाबोळी की मोपा हे अंतरावरून ठरवायचं कारणच नाही.

ही रेषा जाते कुठून, हे बघण्यासारखं आहे. मोपाहून ती ईशान्येला, म्हणजे उत्तरेपासून 55 अंशांवर निघते. घाट ओलांडून कर्नाटक, तेलंगण, छत्तीसगड, झारखंड असं करत ती बांगलादेशात राजशाहीच्या डोक्यावरून शिरते, गारो टेकड्यांवरून पुन्हा भारतात येते आणि गुवाहाटीच्या थोडी दक्षिणेकडून वरच्या आसामात पोचते. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारलीत तर ती खऱ्या लघुतम रेषेपेक्षा दोन-तीन किलोमीटरच लांब निघेल. गोल पृथ्वीवर सरळ रेषा वाकडी दिसते हे अमेरिकेच्या विमानाला लागू; आपल्या देशातल्या देशात त्याने फारसं बिघडत नाही.

आता वेळ. जेट विमान वर पोचल्यावर ताशी 830-840 किलोमीटरने जातं, पण त्या वेगाने तुम्ही सगळं अंतर भागलंत तर हिशेब चुकतो. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, चढणं, शेवटी उतरणीला लागणं, वळणं घेत धावपट्टीच्या तोंडाशी येणं, या सगळ्यात वेग बराच कमी असतो. शिवाय विमान ठरलेल्या हवाई मार्गांनी जातं, लघुतम रेषेवरून नव्हे. म्हणून माझा घरगुती नियम असा: किलोमीटरांना 800 ने भागा आणि अर्धा तास मिळवा. 2,540 ला 800 ने भागलं की 3 तास 10 मिनिटं. अर्धा तास मिळवून 3 तास 40 मिनिटं. तिकिटावर छापतात तो हाच वेळ, जागेवरून चाक हलल्यापासून दुसरीकडे चाक थांबेपर्यंतचा. आम्ही त्याला ब्लॉक टाइम म्हणतो. कंपन्या त्यात थोडी राखीव मिनिटंही घालतात, म्हणूनच कधी कधी विमान उशिरा सुटूनही "वेळेआधी" पोचतं आणि घोषणा करणारी पोरगी ते अभिमानाने सांगते. छोटं पंख्याचं एटीआर विमान असेल तर हा नियम लावू नका. ते ताशी 500 च्या आसपास जातं.

पण हा 3 तास 40 मिनिटांचा आकडासुद्धा वर्षभर सारखा राहत नाही, आणि माझ्या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग तो हाच. हिवाळ्यात उत्तर भारतावर, साधारण बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे एक जबरदस्त वारा वाहतो. त्याला पश्चिमी जेट प्रवाह म्हणतात. त्याच्या गाभ्यात ताशी 180-200 किलोमीटर वेग सहज असतो. गोव्याच्या डोक्यावर त्याचा जोर फार नसतो, पण जसजसे तुम्ही बंगाल-आसामकडे सरकता तसतसा तो पाठीत धक्का देऊ लागतो. समजा सगळ्या वाटेवर मिळून सरासरी 40 नॉटचा वारा मिळाला, म्हणजे ताशी 74 किलोमीटरचा. जाताना तो वेगात मिळवायचा, येताना वजा करायचा. तेवढ्याने जाण्या-येण्यात अर्ध्या तासाचा फरक पडतो. डिसेंबरात तुमचं परतीचं तिकीट जास्त वेळाचं दिसेल तेव्हा छपाईची चूक समजू नका.

पावसाळ्यात चित्र बदलतं. तो पश्चिमी प्रवाह हिमालयापलीकडे सरकतो आणि दक्षिण भारतावर उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे वारा सुरू होतो. त्याचा गाभा विमानाच्या उंचीपेक्षाही वर, चौदा-पंधरा किलोमीटरवर असतो, पण खालच्या थरातही त्याचा हात लागतो. त्यामुळे जुलै-ऑगस्टात जाणं आणि येणं जवळपास सारख्याच वेळात होतं. एकदा जुलैत एका नवख्या सहकाऱ्याने डिसेंबरचाच वारा धरून इंधनाचा हिशेब मांडला होता. कॅप्टनने कागद हातात घेतला, खिडकीबाहेरचा पाऊस बघितला आणि नुसता हसला. पोराने तो कागद स्वतःच परत मागून घेतला.

आता तुमच्या आठ ते चौदा तासांकडे येऊ. सगळ्यांना वाटतं की विमान बदलायचं म्हणजे लांबचा वळसा, म्हणून वेळ जास्त. पण आकडे मांडून बघा. मोपा ते कोलकाता 1,710 किलोमीटर, कोलकाता ते दिब्रुगढ 850. बेरीज 2,560 च्या थोडी वर, म्हणजे थेट रेषेपेक्षा जेमतेम पंचवीस किलोमीटर जास्त! गुवाहाटी तर रेषेवरच बसलंय. मोपाहून सुमारे 2,170 आणि तिथून दिब्रुगढ 370 च्या थोडं वर. म्हणजे कोलकात्याला उतरलात म्हणून वळसा असा पडतच नाही. माझ्या नियमाने पहिला टप्पा 2 तास 38 मिनिटं, दुसरा 1 तास 34. हवेतले सगळे मिळून सव्वाचार तास. उरलेले चार ते दहा तास विमानाचे नाहीत, ते कोलकात्याच्या खुर्चीवरचे आहेत.

मुंबईहून गेलात तर 2,830, बंगळूरहून 2,900, दिल्लीहून 3,225. दिल्लीचा वळसा खरोखर मोठा, 680 किलोमीटरांच्या वर. तरीही एखाद्या दिवशी दिल्लीवरचं तिकीट कोलकात्यापेक्षा लवकर पोचवतं, कारण तिथे पुढचं विमान दीड तासात मिळतं आणि कोलकात्यात सहा तास बसावं लागतं. म्हणून नकाशा बाजूला ठेवून मधल्या थांब्याचे तास बघायचे.

तुमच्यासाठी माझी पसंती सांगतो. पहिलं कोलकाता, थांबा दोन ते साडेतीन तासांचा. दोन तासांपेक्षा कमी नको. पहिल्यांदाच जाताय, आणि मधे पुन्हा तपासणी असेल तर तिथे रांग लागते. दुसरं गुवाहाटी, चांगली वेळ जुळत असेल तर. तिसरं बंगळूर, कारण काही बिनसलं तर तिथून रात्रीच्या बसने सकाळी गोव्यात परत येता येतं, ही सोय कोलकाता, गुवाहाटी किंवा दिल्लीला नाही. फक्त बंगळूरहून पुढे आणखी एक थांबा लागत नाही ना ते बघून घ्या. दिल्ली डिसेंबर-जानेवारीत शक्यतो टाळा, निदान सकाळची तरी. धुकं पडलं की तिथे एकामागून एक विमानं अडतात आणि तुमचं जोडविमान त्या गुंत्यात सापडतं. कोलकात्यालाही हिवाळ्यात पहाटे धुकं पडतं, म्हणून कोलकात्याहून पुढचं विमान दहा-साडेदहानंतरचं मिळालं तर बरं. एप्रिल-मेमध्ये गेला असतात तर याच्या उलट सांगितलं असतं. त्या दिवसांत बंगालात दुपारनंतर कालबैशाखीची वादळं उठतात आणि आसामात बोर्दोईसिला, तेव्हा सकाळचं विमान सगळ्यात सुरक्षित.

तिकीट बघताना एका शब्दाकडे लक्ष ठेवा. "डायरेक्ट" आणि "नॉन-स्टॉप" एकच नव्हे. डायरेक्ट म्हणजे विमानाचा क्रमांक तोच. मधे कुठे उतरून माणसं चढ-उतार करतील, तुम्ही बहुधा जागेवरच बसून राहाल. म्हाताऱ्या माणसांना हे जोडविमानापेक्षा बरं, कारण धावपळ नाही. पण वेळ वाचेलच असं नाही. नॉन-स्टॉप म्हणजे मधे कुठेही चाक न टेकवता.

आणि आता जे सांगतो ते माझ्याच अंगावर शेकलेलं आहे. मेहुण्याला एकदा ईशान्येकडे पाठवताना मी शहाणपणा केला. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं घेतली, दोन हजार रुपये वाचले. इतकी वर्षं या धंद्यात, मला कोण शिकवणार! पहिलं विमान पन्नास मिनिटं उशिरा सुटलं. मेहुणा कोलकात्याला उतरून सामानाच्या पट्ट्यापाशी बॅगेची वाट बघत उभा राहिला, तोवर दुसऱ्या कंपनीचा काउंटर बंद झाला. पहिली कंपनी म्हणाली, आम्ही तुम्हाला कोलकात्याला पोचवलं, आमचं काम संपलं. दुसरी म्हणाली, तुम्ही वेळेवर आला नाहीत. नियमाने दोघंही बरोबर. नवीन तिकीट नऊ हजारांचं आणि हॉटेलचा एक मुक्काम. बायको अजून सणासुदीला ते दोन हजार काढते.

म्हणून जाण्याचे दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर, एकाच बुकिंगमध्ये घ्या. मग पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकलं तर पुढे पोचवायची जबाबदारी कंपनीवर येते, आणि बॅगसुद्धा मोपाला दिली की सरळ दिब्रुगढला मिळते. मोपाच्या काउंटरवर बॅगेला टॅग लावतील तेव्हा त्यावर डीआयबी ही तीन अक्षरं आहेत ना, एवढं डोळ्यांनी बघून घ्या. सीसीयू असेल तर बॅग कोलकात्यालाच उतरेल. दिवसाच्या शेवटच्या जोडविमानावर भिस्त ठेवू नका. चुकलंच तर त्याच्यामागे आणखी एक असलं पाहिजे.

दाबोळीचा प्रश्न राहिला. अंतराने फरक नाही हे झालंच. तुम्ही साखळीच्या, म्हणजे धारगळच्या जोडरस्त्याने मोपा तुम्हाला तासाभरात. दाबोळीला जायचं तर फोंड्यावरून किंवा पणजीवरून झुआरीच्या पलीकडे उतरावं लागेल. त्यात दाबोळी हा मुळात नौदलाचा तळ आहे, आयएनएस हंसा. पोर्तुगीजांनी पन्नासच्या दशकात बांधलेल्या धावपट्टीवर प्रवासी विमानांना जागा मिळते ती नौदलाच्या सरावातून उरलेली. कामाच्या दिवशी सकाळचे काही तास तिथे प्रवासी वाहतुकीला बंधनं असायची हे वास्कोच्या लोकांना चांगलं ठाऊक आहे. मोपा 5 जानेवारी 2023 पासून सुरू झाला आणि तिथे ती अडचण नाही. पूर्वेकडे जाताना सकाळी लवकर निघणं सगळ्यात महत्त्वाचं, तेव्हा माझं मत मोपाच. मात्र तिकीट काढताना दोन्ही विमानतळांची नावं "गोवा" म्हणूनच यादीत येतात. जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी. जाताना मोपा आणि येताना दाबोळी असं तिकीट काढून गाडी पेडण्यात, मोपाजवळ, ठेवून बसलेले दोन जण माझ्याच वाड्यावर आहेत. दोन्ही विमानतळ रस्त्याने साठ-सत्तर किलोमीटरांवर आहेत आणि रात्री टॅक्सीवाला काय मागेल ते मी तुम्हाला सांगायला नको.

लवकर निघा असं जे म्हणतोय त्यामागे आणखी एक कारण आहे, आणि हे कुठल्याही ॲपवर दिसत नाही. घड्याळ सगळ्या देशाचं एकच, पण सूर्य काही ते मानत नाही. दिब्रुगढ आपल्यापेक्षा 21 अंश पूर्वेला. दर अंशाला 4 मिनिटं धरलीत तर तिथे सूर्य आपल्यापेक्षा जवळपास 1 तास 25 मिनिटं आधी माथ्यावर येतो. त्यात हिवाळा आणि उत्तरेकडचं ठिकाण. डिसेंबरच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, दिब्रुगढला सव्वाचारला! पाचला काळोख. तिथले चहाचे मळे म्हणूनच भारतीय वेळेच्या एक तास पुढचं "बागान टाइम" पाळतात. तुम्ही पाच वाजता उतरलात तर तिकिटावर ती संध्याकाळ असेल, खिडकीबाहेर रात्र. मोहनबारीहून दुलियाजान गाडीने तास-दीड तासाचं, सकाळी धुकं असलं तर जास्त. म्हणून दिब्रुगढला दोन-अडीचपर्यंत टेकाल असं बघा. पहाटे साडेचारला साखळी सोडायला लागली तरी चालेल. मुलाला विमानतळावर यायला सांगा, पण रजा अर्ध्या दिवसाची नको, पूर्ण दिवसाची घ्यायला सांगा.

रेल्वेचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी घरात कुणीतरी विषय काढेलच. दिब्रुगढहून कन्याकुमारीला जाणारी विवेक एक्सप्रेस देशातली सगळ्यात लांब पल्ल्याची गाडी म्हणून ओळखली जाते, 4,200 किलोमीटरच्या आसपास. पण ती पूर्व किनाऱ्याकडून जाते, आपल्या मडगावकडे फिरकत नाही. गोव्याहून रेल्वेने जायचं म्हटलं तर तीन-चार दिवस आणि दोन गाड्या. हाताशी वेळ असेल तर मजा आहे, डिसेंबरच्या सुट्टीत नको.

सामानाबद्दल एकच. मुलासाठी तुम्ही नारळ, आमसुलं, सोलांची पूड, खाजं, सगळं न्याल हे मला माहीत आहे. न्या. फक्त सुकं खोबरं विमानात चालत नाही. त्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं, तपासणीत बॅग उघडून काढून ठेवतात. भाजून वाटून मसाला करून न्या, हवं तर. आणि वजन दोन्ही टप्प्यांचं सारखं धरू नका. कमी वजनाच्या टप्प्याचा आकडा बघून बॅग भरा.

खिडकीची जागा मिळाली तर जाताना कोलकात्याच्या पुढच्या टप्प्याला डावीकडची, ए घ्या. डिसेंबरची हवा स्वच्छ असली तर बांगलादेशावरून जाताना उत्तरेला हिमालयाची पांढरी रांग दिसते, त्यात कांचनजंगा वेगळं ओळखू येतं. विमान खाली येऊ लागलं की ब्रह्मपुत्रा दिसते, मधोमध वाळूची बेटं पडलेली. येताना उजवीकडची, एफ.